फरशीची थंडी: कोथरूडमधल्या एका विश्रांतियोग वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधली २०-२२ वर्षं जुनी सोसायटी. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सोसायटीचा हॉल, साधारण ६०० चौरस फुटांचा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, उत्तरेला आणि पूर्वेला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. त्या पूर्ण ओढल्या तरी मधल्या फटीतून झुळूक येतेच. हॉलच्या बरोबर खाली पार्किंग आहे, भिंती नसलेलं, नुसत्या खांबांवर उभं. या पार्किंगकडे सुरुवातीला कोणाचंच लक्ष गेलं नाही.

नवरात्र संपल्यावर इथे विश्रांतियोगाचा, म्हणजे हल्ली ज्याला रिस्टोरेटिव्ह योग म्हणतात त्याचा, वर्ग सुरू झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे ६.१५ ते ७.१५. १४ जण, वयं ५२ ते ७४. तिघं नोकरी करणारे, बाकी निवृत्त किंवा घर सांभाळणाऱ्या. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘ताई’ म्हणत, म्हणून इथेही ताईच. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

या पद्धतीत आसनं मोजकी असतात आणि प्रत्येकात ८ ते १५ मिनिटं राहायचं असतं. शरीराचा सगळा भार लोड, घडी घातलेली ब्लँकेटं, लाकडी विटा, पट्टा आणि खुर्ची यांच्यावर सोडायचा. स्नायूंनी काही धरून ठेवायचं नाही. पुण्याला हे साहित्य नवं नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ साली सुरू झाली, आणि लोड-पट्टा-खुर्ची घेऊन आसन करण्याची रीत त्यांच्या कामातून जगभर गेली. त्यांच्याकडे शिकलेल्या अमेरिकेतल्या ज्युडिथ हॅन्सन लॅसेटर यांनी त्यातली आधार घेऊन विसावण्याची आसनं वेगळ्या पद्धतीच्या रूपात पुढे नेली. थोडक्यात, पुण्याचंच लेकरू परदेशी शिकून, नवं नाव लावून घरी परतलं आहे.

ऑक्टोबरमधला क्रम असा होता: लोडावर सुप्त बद्धकोणासन (तळपाय जुळवून, गुडघे बाजूला सोडून उताणं पडणं) १२ मिनिटं, भिंतीला पाय लावून विपरीतकरणी १२, लोडावर सेतुबंध (कंबर उंचावून पडणं) १०, लोडाला मिठी मारून बालासन (गुडघे मुडपून पुढे वाकणं) ८, शेवटी शवासन १५. उरलेला वेळ साहित्य मांडण्यात आणि आवरण्यात. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा एकवर ठेवावा लागे. दोघं-तिघं शवासनात घोरत. तेव्हा क्रमात काहीच चूक नव्हती.

हिवाळा आल्यावर

पुण्याची थंडी फसवी असते. दुपारी २८-३० अंश, स्वेटर घातलेला माणूस वेडा दिसतो. आणि डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान बहुधा १० ते १२ अंशांवर, काही पहाटे एक आकडी. दिवसाचं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आगेमागे असतं आणि त्या दिवसांत सूर्य उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे ६.१५ ते ७.१५ हा तास नेमका तळातला.

सुरुवातीला रोज १२-१३ जण यायचे. नोव्हेंबरअखेर ९ झाले, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ५. गळती थंडीमुळेच आहे असं लगेच म्हणता येत नव्हतं. लग्नाचा हंगाम होता, दोघींची मुलं परदेशातून सुट्टीला आली होती, आणि सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत रात्री उशिरा घरी पोचलेला पुणेकर पहाटे सहाला चटई घेऊन निघेल ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे ताईंनी पहिला अर्थ लावला तो आळसाचा. व्हॉट्सअॅप गटावर उगवत्या सूर्याचं चित्र टाकून ‘पहाट चुकवू नका’ असे निरोप गेले. उत्तरादाखल हात जोडलेले दोन-चार इमोजी आले. माणसं आली नाहीत.

मग ताईंनी एकेकाला फोन केला. या प्रकरणातलं पहिलं शहाणपणाचं पाऊल हेच, आणि ते तीन आठवडे उशिरा पडलं. “ताई, पाय असे गारठतात की दहा वाजेपर्यंत ऊब येत नाही.” “शवासनात मी मनातल्या मनात मिनिटं मोजते.” “उठताना कंबर धरते, आधी धरत नव्हती.” गुडघ्यांची झीज असलेल्या ६३ वर्षांच्या काकूंनी सांगितलं की बालासनातून बाहेर येताना गुडघा इतका आखडलेला असतो की घरी जिना चढताना कठडा धरावा लागतो. आणखी खोदून विचारल्यावर एक समान धागा निघाला: पहिली पाच-सहा मिनिटं सगळ्यांना बरं वाटत होतं. त्रास नंतर सुरू होत होता.

दुखणं नेमकं कुठे होतं

माणूस स्वस्थ पडला की स्नायू उष्णता कमी तयार करतात. शिथिल झाल्यावर त्वचेकडे रक्त जास्त जातं, म्हणजे उष्णता बाहेर जायची वाटही मोकळी होते. विश्रांतियोगाचा हेतू साधला की शरीर गार व्हायला लागणारच; हा आसनातला दोष नाही. खोली उबदार असेल तर हे जाणवत नाही. खोली गार असेल तर काही मिनिटांनी शरीर सावध होतं: हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, खांदे कानांकडे चढतात, जबडा आवळला जातो. बाहेरून बघणाऱ्याला माणूस शांत दिसतो. आत तो थंडी धरून पडलेला असतो, आणि १५ मिनिटं असं पडून उठलं की कंबर धरली नाही तरच नवल.

ताईंनी घरातला साधा डिजिटल तापमापक आणून पहाटे सव्वासहाला हॉलमध्ये ठेवला. छातीच्या उंचीला १६ अंश, टाइलवर १४. कारण खालचं पार्किंग. जमिनीला टेकलेली फरशी निदान मातीची ऊब धरून असते; या स्लॅबला रात्रभर वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागत होता. त्यावर ४ मिलिमीटरची पीव्हीसीची योगा मॅट. अशी मॅट घसरू देत नाही एवढंच तिचं काम. थंडी अडवायला तिचा उपयोग जवळजवळ नाही.

पहिला उपाय, जो फसला: वरून पांघरूण

फोनवरच्या तक्रारी ऐकून कोणीही जे करेल तेच ताईंनी केलं. प्रत्येकाने घरून एक जादा ब्लँकेट आणावं आणि अंगावर घ्यावं. शवासन १५वरून १८ मिनिटांवर नेलं, ‘ऊब यायला वेळ मिळेल’ म्हणून.

पोट, मांड्या उबदार झाल्या. टाचा, माकडहाड आणि खांद्यांची पाती तशीच गार राहिली, कारण शरीर जिथे फरशीला टेकतं तिथून उष्णता थेट खाली जाते आणि पांघरूण तर वरच्या बाजूला. काहींनी मग तेच ब्लँकेट दुहेरी करून अंगाखाली घेतलं. त्याने थोडा फरक पडला, पूर्ण नाही. लोकर काय किंवा गोधडी काय, ऊब देते ती तिच्यात अडकलेली हवा. अंगाखाली ती दाबली गेली की हवा निघून जाते, आणि नेमकी जिथे जास्त वजन पडतं तिथेच ती सगळ्यात पातळ होते. शवासन लांबवणं ही तर सरळ चूक होती. त्रास सहाव्या-सातव्या मिनिटाला सुरू होतो हे हाती आलेलं असताना मिनिटं वाढवली गेली.

दुसरा उपाय: हीटर

एका काकांनी घरचा २,००० वॉटचा कॉइलचा हीटर आणला. हॉलमध्ये १६ अँपियरचा एकच सॉकेट, तोही दाराजवळ. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड लावला. तो वीस मिनिटांत हाताला गरम लागू लागला आणि हीटर बंद करावा लागला. दुसऱ्या दिवशी थेट सॉकेटला लावून ४० मिनिटं चालवला. छातीच्या उंचीला २१ अंश झाले, फरशीवर १५. गरम हवा वर जाते आणि ही माणसं खाली झोपलेली. जवळच्या दोघांचे चेहरे तापले, ओठ-नाक सुकलं. लांबच्यांना काही कळलंच नाही. शिवाय लाल कॉइलपासून दोन फुटांवर ब्लँकेटं पसरलेली असणं हा धोका वेगळाच.

गटावर कोणीतरी कोळशाची शेगडी सुचवली. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि डोळे मिटून पडलेल्या माणसाला आपण गुंगतोय की झोपतोय हे कळत नाही. ताईंनी त्याच क्षणी नाही म्हटलं आणि पर्याय चर्चेलाही ठेवला नाही. योग्य केलं.

खिडक्यांचा प्रश्न याला जोडूनच आला. सगळ्या बंद केल्या तर हवा कोंदते. उत्तरेची उघडली तर वाऱ्याची झुळूक, आणि गेटवर वॉचमनची शेकोटी, त्यात पालापाचोळ्याबरोबर कधी प्लास्टिकही. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच रेंगाळतो. शेवटी असं ठरलं: वर्गाआधी दहा मिनिटं सगळं उघडायचं, वर्गात फक्त पूर्वेची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवायची आणि त्या रांगेत कोणाचंही डोकं येऊ द्यायचं नाही. शेकोटीची जागा हलवायला वॉचमन एका चहावर तयार झाला.

मध्येच आलेली दोन वळणं

डिसेंबरच्या मध्यावर रक्तदाबाची गोळी घेणारे ६८ वर्षांचे काका शवासनातून सरळ उठून बसले, उभे राहिले आणि भिंतीला टेकले. डोळ्यांपुढे अंधारी. ताईंनी त्यांना खाली घेतलं, कुशीवर झोपवलं, पाय थोडे उंच केले, दहा मिनिटं बोलत ठेवलं. नंतर विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं: पावणेसहाला गोळी, पोटात काही नाही, थंडीमुळे आदल्या दिवसभरात पाणी जेमतेम, त्यावर तासभर आडवं पडणं आणि मग झटक्यात उभं राहणं. यातलं एकेकटं बहुधा निभावलं असतं. ताईंनी गोळीची वेळ बदला असं सांगितलं नाही. डॉक्टरांना भेटून, वर्गात काय काय करतो ते दाखवून मगच या, असं सांगितलं आणि आसनांची यादी लिहून दिली. डॉक्टरांनी गोळीची वेळ पुढे ढकलली आणि काका आठवड्याभराने परतले.

दुसरं वळण गरम पाण्याच्या पिशवीचं. पाय गारठतात म्हणून चौघींनी घरून पिशव्या आणल्या. त्यातल्या एका ५८ वर्षांच्या काकूंना मधुमेह होता. पिशवी मोज्यावरून पायाला लावून त्या १२ मिनिटं पडल्या. उठल्यावर घोट्याजवळ लाल चट्टा, आणि त्यांना चटका जाणवलाच नव्हता. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते. त्या पायाला ‘सोसवेल इतकं गरम’ हा निकष लागूच होत नाही. नशिबाने फोड आला नाही. त्या दिवसापासून नियम झाला: पायाला पिशवी कोणालाच नाही. हवी तर पोटावर, पांघरुणाच्या वरून, दोन-तृतीयांश भरलेली, हवा काढून बूच लावलेली, टॉवेलात गुंडाळलेली. पायांना लोकरीचे सैल मोजे. घट्ट इलॅस्टिकचे नकोत, ते रक्तच अडवतात.

या दोन प्रसंगांनंतर ताईंनी सगळ्यांकडून आरोग्याची माहिती लिहून घेतली: औषधं आणि त्यांच्या वेळा, रक्तदाब, साखर, काचबिंदू, पाठीची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया. एकाला काचबिंदू असल्याचं तेव्हा कळलं. पाय वर आणि डोकं खाली अशा स्थितीत डोळ्यांतला दाब वाढतो. ते गृहस्थ दोन महिने दर वर्गाला लोडावर कंबर उंचावून पडत होते. हा कागद ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशीच भरून घ्यायला हवा होता. यावर दुसरं मत असायचं कारण नाही.

निर्णय पहिला: वेळ

तीन पर्याय होते. आहे ती वेळ ठेवणं, सकाळी उशिरा घेणं, किंवा संध्याकाळी पाचला नेणं. तापमान पाहिलं तर संध्याकाळ सगळ्यात चांगली. दिवसभराच्या उन्हाने हॉल तापलेला असतो. पण पाच ते सात मुलांचा नाचाचा वर्ग, आणि त्याच्या वेळेला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. गच्चीवर उन्हात घ्यावं असाही सूर होता. हालचालीच्या आसनांना गच्ची उत्तम, पण विश्रांतियोगाला मंद उजेड आणि शांतता लागते. उन्हात डोळे मिटले तरी पापण्यांवर लाल उजेड पडतो आणि शेजारच्या टाकीचा पंप सुरू झाला की संपलंच.

शेवटी ७.४५ ते ८.५० ठरलं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येतं, बाहेरचं तापमान तीन-चार अंशांनी चढलेलं असतं. नोकरी करणाऱ्या तिघांची गैरसोय होती, म्हणून शुक्रवारऐवजी शनिवार घेतला, निदान एक दिवस त्यांना मिळावा. तरी त्यांतल्या दोघांनी वर्ग सोडला. नोंद अशी की नुसत्या वेळबदलाच्या आठवड्यात फरशीवर १६-१७ अंश मिळाले. बरं, पण पुरेसं नाही.

निर्णय दुसरा: अंगाखाली काय

खरा फरक इथे पडला आणि खर्च सगळ्यात कमी आला. दबणार नाही असा थर खाली हवा हे एकदा कळल्यावर उत्तर इलेक्ट्रिकल दुकानाच्या मागच्या बाजूला पडलेलं होतं: फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा. त्याच्या नाल्यांमध्ये हवा असते आणि माणसाच्या वजनाने ती सहज निघत नाही. मांडणी खालून वर अशी ठरली.

सगळ्यात खाली योगा मॅट, कारण टाइलवर पुठ्ठा घसरतो. तिच्यावर साधारण ६ फूट बाय सव्वादोन फुटांचे पुठ्ठ्याचे दोन थर, कडांना तपकिरी चिकटपट्टी. ज्यांच्या घरी लहान मुलांच्या खेळातल्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या चटया होत्या त्यांनी पुठ्ठ्याऐवजी त्या आणल्या. दोन बाय दोन फुटांचे तीन तुकडे एका माणसाला पुरतात. त्यावर सतरंजी, त्यावर लांबीत दुमडलेली घोंगडी किंवा लोकरीचं ब्लँकेट, वर सुती चादर. घोंगडी टोचते, पण खाली घालायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

ही जाडी तीन-चार सेंटिमीटर होते आणि तिचे परिणाम लक्षात घ्यावे लागतात. थर खांद्यापासून टाचेपर्यंत सलग हवा. दोघांनी तो फक्त कंबरेखाली घेतला आणि सेतुबंधात खांदे खाली लटकून मान ताणली गेली. थर दिल्यावर खुर्ची तेवढीच बुटकी होते, म्हणून पोटऱ्या ठेवायच्या खुर्चीवर घडी वाढवावी लागली. वर्ग संपला की पुठ्ठे भिंतीला उभे करायचे; आडवे ठेवले तर खालून दमट होतात आणि दोन आठवड्यांत मऊ पडतात.

लोडांचीही एक गंमत होती. ते सोसायटीच्या लोखंडी कपाटात असत. रात्रभर गारठलेला अडीच-तीन किलोचा कापसाचा लोड पाठीखाली घेतला की पहिली काही मिनिटं पाठच लोडाला ऊब देत बसते. ज्यांना झेपलं ते लोड घरी नेऊ लागले. सत्तरीच्या माणसाने तीन जिने लोड वाहायचा नाही, म्हणून बाकीच्यांच्या लोडांना लोकरीची शाल गुंडाळली. आठवड्यातून एकदा सगळे लोड गच्चीवर उन्हात. कापूस फुलतो, कोरडा राहतो.

निर्णय तिसरा: क्रम

ताईंना सगळ्यात जड गेला तो हा निर्णय. ‘पाच आसनं, मोठे मुक्काम’ हीच या पद्धतीची ओळख, ती मोडायची का? दोन पर्यायांवर विचार झाला. पूर्ण वर्ग सूर्यनमस्कारांकडे वळवायचा, किंवा विश्रांती ठेवून तिच्याआधी ऊब आणायची. पहिला सोपा होता, पण मग विश्रांतीसाठी आलेल्यांनी जायचं कुठे?

नवा क्रम असा. पहिली १५ मिनिटं हालचाल: खुर्चीवर बसून घोटे आणि मनगटं दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा, उभं राहून श्वासाबरोबर हात वर-खाली सहा वेळा, खुर्चीची पाठ धरून अर्ध उत्तानासन (कंबरेतून अर्धं पुढे वाकणं), मग चटईवर मार्जारासनाची (हातागुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करण्याची) आठ आवर्तनं. अंगात ऊब यावी, घाम नाही. एक गृहस्थ उत्साहाने घरूनच २४ सूर्यनमस्कार घालून आले. ओल्या बनियनवर आडवे पडले आणि दहा मिनिटांत सगळ्यात जास्त तेच गारठले.

मग लोडावर सेतुबंध ६ मिनिटं; काचबिंदूवाल्यांनी तेवढा वेळ सपाट पडायचं. त्यानंतर उठून बसून दोन मिनिटं खांदे फिरवणं. विपरीतकरणीऐवजी पोटऱ्या खुर्चीवर, ७ मिनिटं. पाय सरळ वर गेले की पावलांतलं रक्त आधी उतरतं, म्हणून या आसनात पाय सगळ्यात लवकर गार पडतात. त्यात हॉलची मोकळी भिंत बाहेरची, उत्तरेची, हात लावला तरी शिरशिरी येणारी. खुर्चीवर गुडघे वाकलेले राहतात आणि पायांवर ब्लँकेट नीट बसतं. मग बालासन ५ मिनिटं. पोट आणि छाती मिटलेली असल्याने थंडीत हे सगळ्यात उबदार. गुडघेदुखीच्या काकूंना त्याऐवजी कुशीवर झोपून लोड कवटाळायला दिला, दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेली उशी. सुप्त बद्धकोणासन फेब्रुवारीपर्यंत रजेवर. त्यात शरीराची सगळी पुढची बाजू उघडी पडते आणि पांघरूण गुडघ्यांच्या तंबूवरून घसरत राहतं.

शवासन १० मिनिटं, पण गुंडाळून: पांघरुणाचं पायाकडचं टोक आधी टाचांखाली दुमडायचं, मग दोन्ही बाजू अंगाखाली, हात आत, डोक्याला कानटोपी. पुण्यात कानटोपी घालण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही हे सोयीचं. नाक चोंदलेल्यांना डोक्याखाली दोन घड्या पायऱ्यांसारख्या, आणि उज्जायीचा, म्हणजे घशातून हलका आवाज करत नाकाने घ्यायच्या श्वासाचा, आग्रह नाही.

शेवटची ४ मिनिटं उठण्याची, आणि ती कापायची नाहीत. आधी बोटं हलवायची, गुडघे वाकवायचे, कुशीवर एक मिनिट, हाताने रेटा देऊन बसायचं, बसून एक मिनिट, मग खुर्ची धरून उभं. वर्गाला येण्यापूर्वी अर्धा पेला कोमट पाणी आणि एखादा खजूर.

एक बारीक गोष्ट अनुभवानेच कळली. हिवाळ्यात तळपायांना तिळाचं तेल चोळून यायची काहींची सवय. तेलकट पाय टाइलवर सटकतात. तेल रात्री लावायचं आणि सकाळी पाय पुसून यायचं, हे सांगावं लागलं.

काय झालं

संक्रांतीच्या आठवड्यात उरलेल्या १२ पैकी १० जण आले. पाय गारठण्याची तक्रार दोघांकडे राहिली, तीही सौम्य. फरशीचं तापमान तेच १६-१७ होतं. बदलला होता तो फरशी आणि पाठ यांच्यामधला थर. काकांना पुन्हा अंधारी आली नाही. काकूंचा गुडघा सकाळी आखडत नाही असं त्या सांगतात, जिन्यावरचं दुखणं मात्र आहे तसंच आहे आणि या वर्गाने ते जाईल असं कोणी त्यांना सांगितलेलंही नव्हतं. ७४ वर्षांच्या आजींना खाली बसणं-उठणंच नको झालं होतं. त्या आता घरी पलंगावर करतात. मऊ गादीत लोड रुततो आणि पाठ खड्ड्यात जाते, म्हणून लोडाऐवजी घट्ट घडीच्या दोन गोधड्या.

वेगळं काय करता आलं असतं

तापमापक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फरशीवर ठेवला असता तर महिना वाचला असता. गळती दिसल्यावर पहिला फोन, निरोप नंतर. एका वेळी एकच बदल करून आठवडाभर बघायचं हेही उशिरा सुचलं. पांघरूण आणि लांबलेलं शवासन एकत्र आणल्यामुळे कशाने काय झालं ते कळेना. क्रम आणि पुठ्ठा यांच्याबाबतीत हीच अडचण राहिली, कारण दोन्ही एकाच आठवड्यात आले. पुठ्ठ्याचा वाटा मोठा असं आमचं मत, कारण जे उशिरा येऊन सुरुवातीची हालचाल चुकवत त्यांचीही तक्रार कमी झाली. तरी हा पुरावा पक्का नाही.

संध्याकाळचा पर्याय फार लवकर सोडला असंही वाटतं. नाचाच्या वर्गाला फक्त डिसेंबर आणि जानेवारीपुरती अदलाबदल मागून बघायला हरकत नव्हती. नाचणाऱ्या मुलांना गार फरशीचं काय? विचारलंच नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला थर उलट क्रमाने निघाले. आधी कानटोपी, मग घोंगडी, शेवटी पुठ्ठा. सुप्त बद्धकोणासन परत आलं. घोंगड्या ठेवताना दोघींनी कपाटात डांबराच्या गोळ्या घातल्या. त्या वासात पुढच्या डिसेंबरला कोणाला शवासन लागणार नाही. ताईंनी त्या काढायला लावून उन्हात वाळवलेला कडुलिंबाचा पाला सुती पिशवीत घालून ठेवायला सांगितलं. पुठ्ठे पावसाळ्यात टिकत नाहीत, ते मे महिन्यातच रद्दीवाल्याला दिले. दिवाळीनंतर नवे मिळतात, त्या दिवसांत फ्रिज बरेच विकले जातात.